चूक दिसल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंत

लहान सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार संगणकावर आणण्यासाठी आम्ही नागपुरातील काही जण मिळून एक मुक्त प्रणाली लिहितो. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद), सभासदांची यादी, पुस्तकांची देवघेव, वर्गणी व अनामत रकमेचा हिशेब आणि आर्थिक वर्ष संपताना लागणारा अहवाल एवढीच तिची कामे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. आमचा वाचक प्रामुख्याने शेवटच्या दोन वर्गांतला आहे. कुही, भिवापूर, उमरेड, नरखेड या तालुक्यांतील अशा ग्रंथालयात बहुधा एकच माणूस ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई या तिन्ही कामांना पुरून उरतो, आणि प्रणालीत काही अडले तर विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसते. म्हणून प्रणालीइतकेच, किंबहुना तिच्याहून काकणभर अधिक महत्त्व मी तिच्या माहितीपुस्तिकेला देतो. ती पुस्तिका संकेतस्थळाच्या रूपात कशी बांधली आणि लोकांपर्यंत कशी पोहोचवली, याविषयी हे लिहीत आहे.

पुस्तिका आधी वर्डच्या फाइलमध्ये होती आणि पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवरून फिरत असे. फाइल एकदा पाठवली की पाठवणाऱ्याच्या हातातून ती कायमची सुटते, ही या पद्धतीतली मूळ अडचण. प्रणालीत ‘नवीन नोंद’ या बटणाचे नाव बदलून ‘पुस्तक दाखल करा’ असे झाले, तरी फोनमध्ये साठवलेली पीडीएफ जुनेच नाव सांगत राहते आणि ग्रंथपाल ते नाव पडद्यावर शोधत बसतो. उमरेड तालुक्यातील एका ग्रंथपालांचा फोन मला चांगला आठवतो. “सर, पुस्तिकेत लिहिलं तसंच करून राहिलो, पण ते बटन दिसतच नाही न,” असे ते म्हणाले. त्यांच्याकडची प्रत जुन्या आवृत्तीची होती आणि ती जुनी आहे हे कळायला त्यांच्याकडे काहीच मार्ग नव्हता. त्यांनी पुस्तिका वाचली होती, पायऱ्या क्रमाने केल्या होत्या, म्हणजे वाचकाने जे करायला हवे ते सर्व केले होते.

माहितीपुस्तिकेची परीक्षा, माझ्या मते, एकाच प्रश्नावर होते. एखादी चूक कोणाच्या तरी लक्षात येते आणि ती दुरुस्त होऊन सर्व वाचकांसमोर येते, या दोन क्षणांमध्ये अंतर किती? ते महिन्यांचे असेल तर लोक चुका कळवणेच सोडून देतात, आणि मग पुस्तिका हळूहळू प्रणालीपासून दूर सरकत जाते. ते तासाभराचे असेल तर कळवणाऱ्याला हुरूप येतो, कारण आपण सांगितलेले त्याच दिवशी पानावर उतरलेले त्याला दिसते. भाषेची सफाई, चित्रे, रंगसंगती या गोष्टी मलाही प्रिय आहेत, पण साधनांची निवड करताना आम्ही त्या बाजूला ठेवल्या आणि हे अंतर कमी कशाने होईल एवढेच पाहिले.

त्या कसोटीवर स्थिर संकेतस्थळ लगेच उतरले. नेहमीच्या संकेतस्थळात वाचकाने पान मागितले की सर्व्हरवरील कार्यक्रम डेटाबेसमधून मजकूर काढतो, त्याला साच्यात बसवतो आणि मग पाठवतो. स्थिर संकेतस्थळात ही सगळी मेहनत आधीच झालेली असते. पाने एचटीएमएल फाइली म्हणून तयार असतात आणि सर्व्हर त्या नुसत्या उचलून देतो. फोडायला लॉगिन नाही, सांभाळायला डेटाबेस नाही, दर महिन्याला अद्ययावत करायला प्लगइनांची रांग नाही. माहितीपुस्तिका दोन वाचकांना दोन वेगळी पाने दाखवत नाही, त्यामुळे तिला यापेक्षा अधिक काही लागतही नाही. शिवाय मजकूर साध्या अक्षरफाइलींत राहतो. उद्या पाने घडवणारे साधन बंद पडले तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडतील, आणि दुसऱ्या साधनाकडे नेता येतील.

अशी साधने पुष्कळ आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांचे जेकिल आणि पायथन या संगणकभाषेच्या अधिकृत पुस्तिकेसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी लिहिलेले स्फिंक्स ही दोन्ही २००८ सालची. ह्यूगो २०१३ चे, टॉम क्रिस्टी यांचे एमकेडॉक्स २०१४ चे. आमचा खरा विचार स्फिंक्स आणि एमकेडॉक्स या दोहोंपुरताच होता. स्फिंक्सची ताकद मोठी आहे. आज्ञावलीतील टिपांपासून संदर्भपाने आपोआप घडवणे आणि एका पानावरून दुसऱ्या पानातील नेमक्या जागेकडे बोट दाखवणे, यात त्याची बरोबरी करणारे साधन मला माहीत नाही. प्रोग्रामरांसाठी पुस्तिका लिहायची असती तर मी तेच निवडले असते. परंतु त्याची रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही लेखनपद्धत मोकळ्या जागा, दुहेरी ठिपके आणि अपूर्णविराम (:) यांबाबत फार काटेकोर आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली मार्कडाउन पद्धत त्या मानाने साध्या पत्रासारखी वाचता येते: शीर्षकापुढे एक चिन्ह, यादीपुढे आडवी रेघ, बाकी सगळा सरळ मजकूर. ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी किंवा स्वतः ग्रंथपाल ज्या फाइलीत हात घालू शकेल, ती फाइल आमच्या उपयोगाची होती, म्हणून एमकेडॉक्स घेतले.

मांडणीबद्दल थोडे सांगतो. प्रणालीच्या पुस्तिका बहुधा मेन्यूच्या क्रमाने लिहिलेल्या असतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडदा असतो. ग्रंथपालाच्या डोळ्यांसमोर त्याचा दिवस असतो. सकाळी दार उघडल्यावर परत आलेली पुस्तके जमा करणे, मग वाटप, दुपारी नव्या पुस्तकांची दाखल, महिन्याअखेरीस थकीत वर्गणीची यादी, मार्चमध्ये ग्रंथ पडताळणी, आणि पडताळणीनंतर फाटक्या व हरवलेल्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करणे. आम्ही अनुक्रमणिका याच ओघाने लावली. डॅनिएले प्रोचिडा यांनी पुस्तिकांच्या मजकुराचे शिकवणी, कृती, संदर्भ आणि विवेचन असे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये असा त्यांचा आग्रह आहे. तो आग्रह मला पटतो, पण आमच्या वाचकाला कृतीची पाने आधी हवी असतात, म्हणून विवेचनाची पाने शेवटी नेली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. आमचे वाचक ते सूत्र शिकूनच या व्यवसायात आलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेनेच ते मोडावे हे मला मान्य नव्हते.

आता ज्या भागात आमचे सर्वाधिक लक्ष गेले त्या भागाकडे येतो. ही साधने जगभर वापरली जातात, चांगली आहेत, विनामूल्य आहेत, पण त्यांच्या पोटात अक्षर म्हणजे काय याविषयी काही गृहीतके दडलेली आहेत, आणि देवनागरी मजकूर घातला की ती एकेक करून वर येतात.

पहिले शीर्षकांचे. पानातील प्रत्येक शीर्षकाला साधन आपोआप एक ओळखनाव देते, जेणेकरून थेट त्या शीर्षकाकडे नेणारा दुवा तयार करता यावा. हे नाव शीर्षकातूनच बनते आणि बनवताना रोमन लिपीबाहेरची सर्व अक्षरे गाळली जातात. ‘स्थापना’, ‘सभासद नोंदणी’, ‘थकीत वर्गणी’ अशी तीन शीर्षके दिली तर तिन्ही पूर्ण गळून जातात आणि साधन त्यांना अधोरेषा-१, अधोरेषा-२, अधोरेषा-३ अशी नावे देते. पान नीट दिसते, दुवाही चालतो. पण पुढे कोणी मध्ये एक नवे शीर्षक घातले की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात, आणि ‘थकीत वर्गणी’कडे जाण्यासाठी दिलेला दुवा वाचकाला भलत्याच परिच्छेदावर नेऊन सोडतो. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, कारण दुवा तुटलेला नसतो, फक्त चुकीच्या जागी गेलेला असतो.

यावर युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामायिक संगणकीय अक्षरसंचातली, अक्षरे राखणारा पर्याय साधनातच आहे. तो सुरू करून आम्ही ‘स्थापना’ या शीर्षकाचे काय होते ते पाहिले. ओळखनाव आले ‘सथपन’. एमकेडॉक्स ज्या पायथनमध्ये लिहिलेले आहे, तिच्या मजकूर-शोध यंत्रणेत अक्षर म्हणून जे ओळखले जाते त्यात देवनागरीची व्यंजने आणि स्वर येतात, पण काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त ही चिन्हे येत नाहीत. ती विरामचिन्हांसारखी गाळली जातात. याचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नाही. ‘खाते’ आणि ‘खत’ ही दोन शीर्षके एकाच पानावर आली तर दोन्हींचे ओळखनाव ‘खत’ असेच होते आणि दुसऱ्याला पुन्हा क्रमांक चिकटतो, म्हणजे मूळ अडचण जिथल्या तिथे. शेवटी आम्ही नियम केला की प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात रोमन लिपीत, हाताने, एक कायमचे नाव लिहायचे. लिहिणाऱ्याला थोडे अधिक काम पडते, पण शीर्षकाचे शब्द पुढे कितीही सुधारले तरी ते नाव बदलत नाही. पानांच्या फाइलींनाही रोमन नावेच दिली. देवनागरी नाव दिल्यास पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो खरा, पण तोच पत्ता कॉपी करून निरोपात चिकटवला की त्याच्या प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात. ‘दाखल’ एवढ्याशा शब्दाची छत्तीस चिन्हे. असा पत्ता पाहून ग्रंथपालाला तो उघडण्याची भीती वाटली तर त्यात नवल नाही. अनोळखी लांबलचक दुवे उघडू नयेत असेच आपण त्यांना शिकवतो.

दुसरे शोधाचे. एमकेडॉक्सच्या अंगभूत शोधामागे लुनर नावाचे जावास्क्रिप्टमधील साधन आहे. स्थिर संकेतस्थळाला सर्व्हरवर शोध घेता येत नाही, म्हणून शब्दांची सूची आधीच तयार करून वाचकाच्या ब्राउझरकडे पाठवली जाते आणि शोध तिथेच चालतो, ही कल्पना मला फार आवडते. पण सूचीत घालण्यापूर्वी लुनर प्रत्येक शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हे छाटतो, आणि त्याच्या लेखी अक्षरे म्हणजे रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा. देवनागरी शब्द तो एका टोकाकडून छाटू लागतो तो दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. शब्द उरतच नाही. मजकुरात रोमन लिपीत राहिलेला एखादा शब्द सापडतो, ‘अनामत’ मात्र सापडत नाही. लुनरसाठी वेगवेगळ्या भाषांचे जोडसंच मिळतात. त्यांतला हिंदीचा संच देवनागरी अक्षरांना अक्षरे मानतो. तो लावल्यावर मराठी शब्द सूचीत आले.

त्यानंतरची अडचण व्याकरणाची होती. ग्रंथपाल ‘वर्गणी’ शोधतो आणि पानात ‘वर्गणीची’, ‘वर्गणीतून’ असे असते. इथे शब्दाचा आरंभ जुळवून निभावता येते. पण ‘पुस्तक’ आणि ‘पुस्तके’ यांपलीकडे ‘रकाना’ आणि ‘रकान्यात’, ‘शिक्का’ आणि ‘शिक्क्याशिवाय’ अशी रूपे आली की हिंदीचे नियम पुरत नाहीत, कारण मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि काही शब्दांत मूळच बदलते. मराठीची रूपे सोडवणारी चांगली यंत्रणा लिहिणे हे स्वतंत्र आणि मोठे काम आहे. ते कोणीतरी मनावर घ्यावे अशी माझी तीव्र इच्छा आहे. तोपर्यंत आम्ही साधा उपाय केला: प्रत्येक पानाच्या तळाशी ‘संबंधित शब्द’ अशी एक ओळ असते आणि तिच्यात त्या विषयाची मूळ रूपे व बोलण्यातले पर्याय लिहिलेले असतात. दाखल नोंदवहीच्या पानाखाली दाखल, नोंद, रजिस्टर, दाखल क्रमांक हे सगळे सापडते. ही ओळ ग्रंथपालांनीच सुचवलेल्या शब्दांनी भरत जाते.

आणि एक बारीक गोष्ट, जी मराठीखेरीज फारशा कोणाला भेडसावत नाही. ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतील अर्धा र दोन पद्धतींनी टंकित होतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, युनिकोडने दोन्हींना मान्यता दिली आहे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एकाने एका कळफलकावर लिहिलेले ‘परत येणाऱ्या पुस्तकांची नोंद’ दुसऱ्याला दुसऱ्या कळफलकावरून सापडत नाही, आणि का सापडत नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळणे अशक्य. पाने घडण्यापूर्वी सगळा मजकूर पहिल्या पद्धतीत आणणारी छोटी आज्ञावली आम्ही लिहिली, आणि वाचकाने शोधपट्टीत टाकलेल्या शब्दावरही तीच क्रिया करणाऱ्या काही ओळी पानात घातल्या. मला या कामाचे समाधान इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक आहे.

अक्षरवळण, ओळींमधले अंतर, रंग हे ओघाने झाले. वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळी जरा मोकळ्या ठेवल्या. फॉन्टची फाइल बाहेरून न मागवता संकेतस्थळातच ठेवली. पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारा गुणधर्म प्रत्येक पानाला दिला, कारण दृष्टिहीन वाचकाचा पडदावाचक त्यावरूनच उच्चार ठरवतो.

पान घडवणे आणि ते जगासमोर ठेवणे यांमधला रस्ता आम्ही पूर्णपणे यंत्राकडे सोपवला. मजकूर गिटहब या आज्ञावल्या ठेवण्याच्या संकेतस्थळावरील रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राखणाऱ्या साठ्यात, असतो. कोणी बदल मान्य करून मुख्य शाखेत, म्हणजे प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत, घातला की एक नवाकोरा संगणक काही क्षणांसाठी जागा होतो, ठरवून दिलेल्या आवृत्तीचीच साधने बसवतो, पाने घडवतो आणि ती गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेकडे सोपवतो. साधनांच्या आवृत्त्या नेमून दिल्याने आज घडलेले पान सहा महिन्यांनीही तसेच घडते. घडवण्याची क्रिया काटेकोर पद्धतीने चालते, म्हणजे नुसती सूचना आली तरी काम थांबते. अनुक्रमणिकेत नाव आहे पण फाइल नाही, दुवा आहे पण त्याचे पान हलवले गेले आहे, अशा वेळी नवे पान प्रसिद्ध होत नाही आणि जुने शाबूत राहते. विंडोजवर मोठी आणि लहान लिपी यांत फरक केला जात नाही, तर या संगणकावर तो केला जातो, म्हणून चित्राच्या फाइलीचे नाव एका अक्षराने चुकले तरी ते इथे पकडले जाते.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग आम्ही बटणांच्या नावांसाठी केला. पुस्तिकेत कोणत्याही बटणाचे नाव हाताने लिहायचे नाही असा दंडक आहे. लिहिणारा तिथे एक खूण ठेवतो आणि पाने घडताना प्रणालीच्या स्वतःच्या शब्दफाइलीतून, जिच्यावरून पडद्यावरची बटणे रंगतात तिच्यातूनच, ते नाव उचलले जाते. प्रणालीत ‘नवीन नोंद’चे ‘पुस्तक दाखल करा’ झाले की पुढच्या घडणीत पुस्तिकेतही सगळीकडे तेच होते, आणि एखादे बटण काढूनच टाकले तर खुणेला नाव न सापडल्याने घडण थांबते व कोणत्या पानाची कोणती ओळ निरर्थक झाली ते सांगते. उमरेडच्या त्या फोनमागचे कारण अशा रीतीने मुळातून दूर झाले. पडद्याची चित्रेही याच कारणाने कमी केली. चित्र जुने झाले हे कोणतेही यंत्र सांगत नाही.

सगळी घडण एक-दोन मिनिटांत होते. गिटहब पेजेस ब्राउझरला पान दहा मिनिटे साठवून ठेवायला सांगते, त्यामुळे नुकतेच पान पाहिलेल्या वाचकाला दुरुस्ती थोडी उशिरा दिसू शकते. या सेवेत संकेतस्थळ १ जीबीपर्यंत असावे आणि महिन्याची वाहतूक १०० जीबीच्या आसपास राहावी अशी मर्यादा आहे. मजकूरप्रधान पुस्तिका तिच्या जवळपासही जात नाही. पत्ता मात्र आम्ही स्वतःच्या डोमेनचा घेतला. फुकट मिळणारा पत्ता वापरला असता तर पुढे सेवा बदलताना सर्व पत्ते बदलावे लागले असते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने मांडले होते की वेबवरील पत्ते बदलता कामा नयेत, आणि ग्रंथालयाच्या क्षेत्रात हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही: पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले तरी त्याचा दाखल क्रमांक तोच राहतो. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य सेवेकडून आपोआप मिळते व नूतनीकृत होते. डोमेनचे नूतनीकरण मात्र आपोआप होत नाही, म्हणून त्याची तारीख गटाच्या जमाखर्चाच्या वहीत लिहिलेली आहे आणि रिपॉझिटरीच्या किल्ल्या एकाहून अधिक लोकांकडे आहेत.

पत्ते न बदलण्याला आमच्याकडे एक प्रत्यक्ष कारणही आहे. बऱ्याच ग्रंथालयांत संगणकाशेजारी भिंतीवर एक लॅमिनेट केलेले कार्ड लावलेले असते. त्यावर रोजच्या पाच-सहा कामांची नावे मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येकापुढे क्यूआर कोड असतो. फोन समोर धरला की नेमके ते पान उघडते. कार्ड एकदा भिंतीवर गेले की ते परत मागवता येत नाही. त्यावर छापलेला पत्ता दहा वर्षांनीही चालला पाहिजे. एखादे पान दोन पानांत विभागले तर जुन्या पत्त्यावर वाचकाला नव्या पानाकडे नेणारी एक छोटी फाइल ठेवली जाते. गिटहब पेजेसमध्ये सर्व्हरवरून वळवण्याची सोय नाही, म्हणून हे काम पानालाच करावे लागते.

इंटरनेट नसतानाचा विचारही केला. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, ग्रंथालये सकाळ-संध्याकाळ चालतात, आणि संध्याकाळी वादळ आले की विजेबरोबर जोडणीही जाते. स्थिर संकेतस्थळ पेनड्राइव्हवर नेता येते, हा त्याचा मोठाच गुण आहे. त्यासाठी घडणीत एक पर्याय बदलावा लागतो, जेणेकरून प्रत्येक दुवा फोल्डरऐवजी थेट फाइलीकडे जाईल. अन्यथा संगणकावरून उघडलेल्या प्रतीत दुव्यावर टिचकी मारल्यास पानाऐवजी फोल्डरातील फाइलींची यादी दिसते. अंगभूत शोध मात्र अशा प्रतीत चालत नाही, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी स्थानिक फाइलींतून सूची उचलू देत नाही. म्हणून आम्ही ‘संबंधित शब्द’ या ओळींतूनच अकारविल्हे सूचीचे एक पान घडवतो. छापील पुस्तकाच्या शेवटी असते तशी ही सूची आता जोडणी असतानाही अनेक ग्रंथपाल शोधपट्टीपेक्षा अधिक वापरतात. पेनड्राइव्हवरील प्रत जुनी होणारच, तेव्हा तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर घडणीची तारीख आणि प्रणालीची आवृत्ती मोठ्या अक्षरांत येते. जुनेपण लपत नाही, एवढे तरी साधता येते.

आता दुरुस्ती कशी येते ते सांगतो. प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ असा दुवा आहे आणि तो थेट मजकुराच्या फाइलीकडे नेतो. तो वापरण्यासाठी खाते लागते, आणि सर्व ग्रंथपालांनी खाते उघडावे अशी अपेक्षा मी करत नाही. म्हणून दुसरा मार्ग व्हॉट्सॲपचा ठेवला आहे. निरोप आला की गटातील कोणीतरी तो फाइलीत उतरवतो आणि कळवणाऱ्याचे नाव, त्याची परवानगी असल्यास, बदलाच्या नोंदीत लिहितो. भिवापूर तालुक्यातील एका ग्रंथपाल ताईंनी निर्लेखनाच्या पानाबद्दल हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला होता. सभासदाने हरवलेल्या पुस्तकाची किंमत भरली, आणि त्याच पैशातून त्याच पुस्तकाची नवी प्रत घेतली, तर जुना दाखल क्रमांक नव्या प्रतीला द्यायचा का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याखाली उत्तरही त्यांनीच लिहिले होते: नवी प्रत नव्या क्रमांकाने दाखल करावी, जुन्या नोंदीसमोर शेऱ्यात पावती क्रमांक लिहावा. रविवारची सकाळ होती, आम्ही धंतोलीत कामासाठी बसलेलोच होतो. अनुभवी ग्रंथपालांकडून खात्री करून घेतली, परिच्छेद घातला, आणि ताईंना पानाचा दुवा पाठवला. “आता हे आमच्या बाकीच्या ग्रंथालयांनाही दिसते का?” असे त्यांनी विचारले. हो, सगळ्यांना दिसते, असे सांगितल्यावर त्यांनी आणखी दोन कागदांचे फोटो पाठवले.

त्यांच्या त्या कागदांवरूनच पुढचे काम ठरले. ग्रंथ पडताळणीचे पान या वेळी आम्ही लिहिणार नाही, ग्रंथपाल लिहिणार आहेत. आमच्याकडे फक्त खुणा घालणे, ओळखनावे देणे आणि घडण तपासणे एवढेच राहील. मसुदा रिपॉझिटरीत आला आहे आणि प्रसिद्ध होण्यापूर्वी कसा दिसतो ते पाहण्यासाठी त्याची वेगळी प्रत घडवून सर्वांना पाठवली आहे. एका पायरीवर अजून एकमत नाही. पडताळणीच्या दिवशी जी पुस्तके सभासदांकडे आहेत ती देवघेव नोंदीवरून हजर धरावीत, की परत येईपर्यंत वेगळ्या रकान्यात ठेवावीत, यावर नरखेड आणि कुहीकडच्या ग्रंथपालांचे मत वेगळे पडते. दोन्ही बाजूंनी आपापल्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो आले आहेत, आणि तूर्त मसुद्यात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी लिहिलेल्या आहेत.